भिक्खू नसलेलं गाव

माघ अर्धा सरला की वसमतच्या हवेत एक वास उतरतो. ओल्या मातीसारखा, पण नुसता मातीचा नाही. त्यात धूर असतो, थोडा कडवटपणा असतो आणि उकडलेल्या रताळ्यासारखं काहीतरी गोडसर असतं. हळद शिजत असते. आता काहिलींच्या जागी वाफेची पिंपं आली, पाच बायांचं काम एक यंत्र करतं, पण वास बदललेला नाही. परवा सुनेनं मागचं दार उघडलं आणि तो घरात आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. हात आपसूक थांबले. तिनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, हळद लागली शिजायला. ती आपल्या कामाला गेली. मी मात्र कितीतरी वेळ त्या सुपापुढे तशीच बसून होते, आणि माझ्यासमोर गुडघे दुमडून बसल्या होत्या आमच्या अक्का. गालांना पिवळसर उटी लावलेली, नखं हळदीनं माखलेली, आणि ओठ नुसते हलत असलेले.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ब्रह्मदेशातल्या. नाव मा खिन. 'मा' म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण, असं भावजींनी सांगितलं, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायला लागले. सासूबाईंच्या तोंडी त्याचं 'माखिन' झालं आणि आळीतल्या बायांनी 'माखनबाई' करून टाकलं. त्या कोणत्याही हाकेला ओ देत.

भावजी म्हणजे माझे थोरले दीर. माझं लग्न होण्याच्या आधीच ते वडलांशी भांडून घरातून गेले होते. पुढं ब्रह्मदेशातून पत्रं यायला लागली. तांदळाच्या गिरणीत कारकून होते. लग्नाचं कधी लिहिलं नव्हतं. मग वडील गेले, लढाई पेटली, रंगून पडलं आणि पत्रं बंद झाली. सासूबाईंनी आशा सोडली होती. त्या वर्षी ज्येष्ठात एका सकाळी भावजी दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, पायांना चिंध्या बांधलेल्या, आणि मागं एक ठेंगणी गोरी बाई, लुंगीसारखं काहीतरी नेसलेली. दोघं डोंगर चालत ओलांडून चितगावला आले होते आणि तिथून मिळेल त्या आगगाडीनं इथवर. आळी गोळा झाली. कोणी म्हणालं, जातीचं काय? सासूबाई म्हणाल्या, "पोरगं जित्तं आलं. त्याच्या मागं कोण आलं ते मागून बघू."

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. दोन वर्षं घरातली एकुलती सून होते. चूल, शिंकं, लोणच्याच्या बरण्या, सगळं माझ्या हाताखाली. एका दिवसात मी धाकटी झाले. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण भाकरी थापताना ज्यांची भाकरी दर वेळी तिसऱ्या फेऱ्याला फाटते, आणि ज्या फाटलेली भाकरी आपल्याच ताटात ठेवून हसतात, त्या बाईवर किती दिवस रागावणार? मराठी त्यांना मी शिकवली, आणि मी कमी पडले तिथं हळदीच्या खळ्यावरच्या बायांनी. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात घरची आणि खळ्यावरची अशा दोन्ही मराठी एकत्र नांदायच्या, आणि दोन्हींत पुरुष-बाईचा फरक नसायचा. चूलही 'पेटला' आणि बैलही 'आली'.

आल्यावर पंधरा दिवसांनी सासूबाईंनी त्यांना खंडोबापुढं उभं केलं. मला माझा दिवस आठवला. माझं माहेर महानुभाव पंथातलं. आमच्याकडे एका परमेश्वरावाचून दुसऱ्या देवापुढं डोकं टेकवत नाहीत. लग्न होऊन आले त्या दिवशी मी खंडोबापुढं वाकले होते, पण मनात दात आवळून. कोणाला कळलं नाही. आपण खोटा नमस्कार केला हे एकटीलाच ठाऊक असणं किती बोचतं, ते मला माहीत होतं. अक्का वाकल्या नाहीत. त्यांनी छातीशी हात जोडले आणि सासूबाईंकडे वळून, शब्द शोधत शोधत म्हणाल्या, "हा देव मला ओळख न्हाई. तुमी ओळख. म्हणून हात जोडते."

सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "खोटं तर न्हाई बोलली बाई." मी मान खाली घालून पीठ मळत राहिले.

तेव्हा आजच्यासारखी गावोगाव विहारं नव्हती. आमच्या मुलखात चीवर नेसलेला माणूस कोणी पाहिलेला नव्हता. बुद्ध हा आमच्या दृष्टीनं दहा अवतारांच्या तसबिरीतला नववा. अक्कांनी माजघरातला एक रिकामा कोनाडा मागून घेतला. त्यात मूर्ती नव्हती. मूर्ती त्या आईजवळ ठेवून आल्या होत्या. आईही त्यांच्याबरोबर निघाली होती, पण डोंगरात एका ओढ्याकाठी तापानं बसली आणि तुम्ही पुढं चला म्हणाली. मागून एक रेल्वेतले तेलुगू बाबू माणसं घेऊन येत होते. त्यांनी म्हातारीला डोलीत घालून आणायचं कबूल केलं होतं. तेव्हापासून खबर नव्हती. अक्का सकाळी कोनाड्यात ताजं पाणी आणि फूल ठेवायच्या. अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्यांना सूर्य डोक्यावर आल्यावर काही खायच्या नाहीत. सासूबाईंना उपवास पटला, पण त्याची तऱ्हा पटेना. त्या विचारायच्या, भगर चालते का, शेंगदाणे चालतात का. अक्का म्हणायच्या, सकाळी सगळं चालतं, दुपारनंतर काही नाही. "मग ही कसली एकादस," असं म्हणून सासूबाई स्वतःच्या भगरीकडं जरा संशयानं पाहायच्या.

संध्याकाळी दिवा लागल्यावर अक्का कोनाड्यापुढं बसत आणि त्यांचे ओठ हलत. मी एकदा विचारलं, काय म्हणता? त्या म्हणाल्या, एकेकाचं नाव घेऊन त्याचं भलं व्हावं म्हणते. आधी आई. मग नवरा. मग घरातले. मग गावातले. मग जे माझ्यावर रागावले ते.

आमच्या वसमतात बुद्धाचं आणखी एक माणूस आहे, हे माझ्या नवऱ्यानं सांगितलं. ते कापूस घेऊन जिनिंगवर जायचे. तिथं फाटकावर नेपाळकडचा एक पन्नाशीचा चौकीदार होता. गाव त्याला गुरखा म्हणायचं. त्याचं नाव फुर्बा होतं. तो हातात एक डबी फिरवत जप करायचा आणि रिकाम्या वेळी आवारातल्या पिंपळाला प्रदक्षिणा घालायचा. मला वाटलं, परक्या मुलखात आपल्या गावचं माणूस भेटावं तसं होईल. भावजींना गळ घालून एका दुपारी त्यांच्यासोबत मी अक्कांना तिकडं नेलं. त्यांनी ओच्यात जाईची फुलं घेतली होती. वीस पावलांवर चपला काढल्या.

फुर्बाच्या खोलीत एका फळीवर तूप घातलेली पणती जळत होती. भिंतीवर मोठी तसबीर, तीत डोळे वटारलेला, मिशांचा एक पुरुष. तो त्यांचा आद्य गुरू. खाली एका वाटीत दारू ठेवलेली, नैवेद्याची. कोपऱ्यात लहानशी बुद्धाची तसबीर, त्या गुरूच्या खालच्या अंगाला. अक्का गुडघ्यांवर बसल्या, फुलं त्या लहान तसबिरीपुढं ठेवली, तीनदा वाकल्या आणि उठल्या. फुर्बानं त्यांना विचारलं, तुमचा गुरू कोण? भावजींनी अक्कांना त्यांच्या भाषेत समजावलं. अक्का म्हणाल्या, बुद्ध. फुर्बा म्हणाला, ते ठीक, पण तुमचा गुरू कोण? त्याला वाटलं बाईला प्रश्न कळला नाही. तिला वाटलं बाबाला उत्तर कळलं नाही. चहा झाला. आम्ही निघालो.

वीस पावलांवर अक्कांनी चपला पायात घातल्या. मग म्हणाल्या, "हा बुद्ध न्हाई. हा दारूचा देव हाय." चार दिवसांनी फुर्बा माझ्या नवऱ्याला म्हणाला की बाई फार चांगली आहे, पण गुरूवाचून चालली आहे, आंधळ्यानं पूर चढलेली नदी ओलांडावी तशी. दोघांनाही एकमेकांची कीव आली होती.

मी मनातून खट्टू झाले. ज्या बाईनं खंडोबापुढं इतके सरळ हात जोडले, तिला फुर्बाच्या फळीपुढं ते का जमू नये? पुढं पुष्कळ वर्षं मी यावर विचार केला आहे. मला वाटतं, परक्याच्या देवाला हात जोडायला आपलं काही जात नाही. पण आपलाच देव दुसऱ्याच्या घरी वेगळ्या जागी बसवलेला दिसला, त्याच्यापुढं आपल्याकडे निषिद्ध ते ठेवलेलं दिसलं, की आपण लहानपणापासून धरलेलं काहीतरी हलतं. माझ्या माहेरीही परधर्माच्या माणसाविषयी कोणी वाकडं बोलायचं नाही. बोलायचे ते आपल्याच पंथातल्या दुसऱ्या मठाविषयी.

त्या वर्षी हळद चांगली आली होती. पौषात पाला कापला, मग काढणी लागली. खळ्यावर दोन काहिली चढल्या. गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं. काहिलीवर हळदीचाच पाला झाकायचा, त्यावर पोतं. वाफ कडेनं फुटायला लागली की गयाबाई काडी टोचून बघायची. गयाबाई महारवाड्यातली, शिजवण्यात सगळ्यांत जाणती. काडी सहज आरपार गेली की तिनं हात वर करायचा आणि खालची आग ओढून घ्यायची. अक्कांना ते काम फार आवडायचं. त्या रोज खळ्यावर यायच्या, शिजलेली हळद उन्हात पसरायच्या, आणि संध्याकाळी आम्ही सगळ्याच पिवळ्या होऊन घरी जायचो.

अशाच एका दुपारी भावजी पत्र घेऊन खळ्यावर आले. तेलुगू बाबूंचं पत्र, कलकत्त्याहून. त्यांनी म्हातारीला दोन दिवस डोलीत आणलं होतं. नदीकाठच्या एका वस्तीत ती गेली. तिथंच तिला पुरलं. मूर्ती तिच्या हातातच राहू दिली. दिवस कोणता, ते त्यांना नीट आठवत नव्हतं. वैशाखी पौर्णिमा होऊन गेली होती, इतकंच.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग मला म्हणाल्या, "नऊ महिने मी तिला जित्या माणसांत घेऊन राहिले. रोज म्हणते, आई सुखी राहो, आईला ताप नको. आणि आई तर न्हाई." त्यांना सगळ्यात जास्त हे लागलं होतं. आपण रोज हाक मारत होतो ती चुकीच्या दाराला.

सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, नांदेडला गंगेवर जाऊ, पिंड देऊ, माझ्या पदरचं करते. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. अक्कांनी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, तुम्ही केलं तर चांगलंच होईल, पण माझ्या आईला ते ओळखू येणार नाही. तिला जे कळतं तेच तिला पाठवलं पाहिजे. त्यांच्याकडची रीत अशी की भिक्खूंना जेवण द्यायचं, त्या दानाचं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावानं वाटायचं आणि पाणी थेंब थेंब सोडत धरणीला साक्ष ठेवायचं. पण दान घ्यायला भिक्खू हवा. भावजींनी काशीकडच्या एका विहाराला पत्र घातलं. उत्तर आलं, लढाईचे दिवस, गाड्यांत जागा नाही, कोणी येऊ शकत नाही.

मग मी एक केलं. नवऱ्याची भाकरी घेऊन जिनिंगवर गेले आणि फुर्बाला गाठलं. त्याचा बाप लामा होता हे मला माहीत होतं. म्हटलं, बाबा, तुमीच दान घ्या. आमच्या अक्कांच्या जिवाला बरं वाटंल. मला वाटलं, जेवायला मिळतंय, हा माणूस कशाला नको म्हणेल.

त्यानं फिरवायची डबी खाली ठेवली. "बाप लामा होता, मी न्हाई. मी चौकीदार. तुमच्या घरचा भात मी कधी बी खाईन. पण तिच्या आईच्या नावानं घेतला तर ते खोटं होईल. ते तिच्या आईपर्यंत जाणार न्हाई आणि माझ्या अंगाला लागंल."

मी परत फिरणार तोच त्यानं थांबवलं. म्हातारीचं नाव काय, वय काय, विचारलं. म्हणाला, दिवे लावायला लामा लागत नाही. पौर्णिमेपर्यंत सात दिवस मी तिच्यासाठी दिवे लावीन, जप करीन. पण बाईंना विचारा, चालेल का. त्या नको म्हणाल्या तर लावणार नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. अक्का हळकुंडं निवडत होत्या. त्यांनी मला तीनदा विचारलं, त्यानं नको म्हटलं? खरंच नको म्हटलं? शेवटी हातातलं हळकुंड बाजूला ठेवून म्हणाल्या, "खोटा माणूस असता तर व्हय म्हटला असता." आणि उठून सासूबाईंकडे तूप मागायला गेल्या. सासूबाईंनी शिंकं उतरवलं. तांब्या भरून दिला.

ते सात दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. दिवेलागणीला आम्ही तिघं जायचो, अक्का, भावजी आणि मी. फुर्बानं खोली सारवून घेतली होती. दारूची वाटी उचलली होती. त्यानं सांगितलं, सात दिवस मी मटण-दारू बंद केली आहे, तुमच्या आईसाठी. पण गुरूची तसबीर तिथंच राहील, ती मला हलवता येत नाही. अक्का म्हणाल्या, हलवू नका. पहिल्या दिवशी त्यांनी त्या मिशांच्या पुरुषाकडं बराच वेळ पाहिलं. नमस्कार केला नाही. सहाव्या दिवशी हात जोडले, खंडोबापुढं जोडले होते तसेच.

शरण जाण्याचं म्हणताना पहिल्याच दिवशी अडलं. अक्कांचं तीन ओळींचं होतं: बुद्ध, धम्म, संघ. फुर्बाचं चार ओळींचं, आणि त्यात गुरू सगळ्यांत आधी. दोघांनी एकदम सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला गुंता झाला. फुर्बा ओशाळून थांबला. अक्का म्हणाल्या, तुमची पहिली तुमी म्हणा, मी थांबते. तो एकटा म्हणाला. त्या मान खाली घालून थांबल्या. मग दोघं मिळून पुढच्या तीन ओळी, दोन वेगळ्या बोलींत. बाहेर सरकीचा भुसा उडत होता आणि जिनिंगचा पट्टा धडधडत होता.

वादही व्हायचे. फुर्बाचं म्हणणं, माणूस गेल्यावर एकूणपन्नास दिवस मधल्या वाटेवर फिरतो, मग जन्म घेतो. म्हणजे म्हातारी कधीच जन्मली असेल. अक्कांचं म्हणणं, मधली वाट नाहीच. इकडचा दिवा गेला की तिकडचा लागतो. भावजी इकडचं तिकडं सांगून थकायचे. दोघं हट्टाला पेटायचे, लोणच्यात आधी मोहरी की आधी मीठ यावरून दोन जावा पेटाव्यात तसे. एका संध्याकाळी फुर्बा शेवटी म्हणाला, "म्हणजे कुठंतरी हाय." अक्का म्हणाल्या, "कुठंतरी हाय." त्या दिवसापुरता तो विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला.

दानाचं मात्र राहिलंच होतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, "भिक्खू न्हाई. मग ज्याला देईन त्याला भिक्खूसारखं देईन." मला अर्थ कळला नाही. सकाळी त्यांनी मोठ्या पातेल्यात भात केला, वांग्याचं केलं, गूळ घातलेली खीर केली, आणि सगळं बैलगाडीत घालून खळ्यावर नेलं. काहिली थंड होत्या. गयाबाई आणि तिच्या बरोबरच्या नऊ-दहा बाया कामाला लागत होत्या. अक्कांनी त्यांना रांगेत बसवलं. त्यांना वाटलं काही सण असेल. मग अक्का पहिल्या पत्रावळीपुढं गुडघ्यांवर बसल्या, भरलेली पत्रावळ दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलली आणि गयाबाईच्या हातात देऊ लागल्या.

त्या काळी हे किती मोठं होतं ते आज सांगून कळणार नाही. खळ्यावर भाकर दिली जायची, पण वरून, पदरात पडेल अशी. गयाबाईनं हात मागं घेतले. "बाई, काहून आमाला पाप लावून राहिल्या?" अक्का तशाच बसून राहिल्या. हात खाली घेतले नाहीत. भाताची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. शेवटी गयाबाईनं पत्रावळ घेतली, दोन बोटांनी, तापलेली असावी तशी.

अक्कांनी मागं वळून मला म्हटलं, पुढची तू दे.

बांधावर सासूबाई येऊन उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं आणि माझे हात पदराखाली गेले. अक्का एक क्षण थांबल्या, मग एकट्याच पुढं सरकल्या. सगळ्या रांगेला त्यांनी एकट्यानं, गुडघ्यांवर सरकत सरकत वाढलं. रांगेच्या शेवटी फुर्बा येऊन बसला होता. अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, दान म्हणून नाही, पंगतीतला म्हणून. त्यालाही तशीच पत्रावळ मिळाली. जेवणं झाल्यावर अक्कांनी तांब्यातून ताटलीत पाणी सोडलं, थेंब थेंब, आईचं नाव घेत. शेवटी तीनदा "साधू" म्हणायचं असतं, छान झालं अशा अर्थानं. त्यांनी सगळ्यांना म्हणायला सांगितलं. गयाबाई इकडंतिकडं बघत शेजारणीला म्हणाली, कोणता साधू आला गं? पण म्हणाल्या सगळ्याजणी. मी म्हटलं की नाही, मला आठवत नाही.

सासूबाईंनी त्या दिवशी अक्कांना मागच्या दारी आंघोळ करायला लावली, मगच घरात घेतलं. चार दिवस त्यांचं ताट वेगळं. भावजी चिडून वेगळं राहायचं म्हणाले. अक्कांनीच त्यांना गप्प केलं. मला म्हणाल्या, पाणी गार नव्हतं, बरं वाटलं. मी त्यांच्या पाठीवर पाणी घालत होते. त्यांनी मला कधी विचारलं नाही की तू हात का मागं घेतलेस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढची पाच वर्षं त्या सातच दिवसांच्या सावलीत गेली असं नाही. लेकरं झाली, लढाई संपली, एक हळद पावसात भिजून वाया गेली. अक्का दर पौर्णिमेला फुर्बाकडं तूप पाठवायच्या आणि तो आमच्या कोनाड्यासाठी पिंपळाचं पान पाठवायचा. मग देशाला स्वातंत्र्य मिळालं, पण आमच्या मुलखाला नाही, आणि तो बेबंदशाहीचा हिवाळा आला. मुलूख पेटला होता, जिनिंग बंद पडलं, बाहेरगावची माणसं मिळेल त्या वाटेनं निघाली. फुर्बाही गेला. तो घरी पोचला की नाही, कधी कळलं नाही. अक्का संध्याकाळी त्याचं नाव दोनदा घ्यायच्या, एकदा जित्या माणसांत आणि एकदा गेलेल्यांत. म्हणायच्या, या वेळी चूक नको.

त्याच माघात सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांचं सगळं अक्काच करत. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर सासूबाई अक्कांना विचारत होत्या, तू संध्याकाळी माझं बी नाव घेतीस म्हणे. अक्का हो म्हणाल्या. आल्यापासून घेते.

"मग ध्यान ठेव," सासूबाई म्हणाल्या. "मी गेले की येळेवर मला तिकडच्यांत घाल. तुझ्या आईवानी नऊ महिने नको. दहावं-तेरावं पोरं करतील. पण तुझं बी कर. ते खळ्यावरचं." मग पेजेसाठी हात पुढं करून, "दोन्ही होऊ दे. कोणतं पोचतं कोणाला ठाव."

फाल्गुनात त्या गेल्या. अक्कांनी सुतक अगदी रीतीनं पाळलं. पिंडाच्या वेळी त्या आमच्या मागं हात जोडून उभ्या राहिल्या. भावजी म्हणाले, तुझं उद्याच करू या का? त्या म्हणाल्या, आधी त्यांचं तेरावं पुरं होऊ दे. त्यांना ते ओळखू येतं.

चौदाव्या दिवशी सकाळी आम्ही भाताचं पातेलं गाडीत चढवायच्या बेतात होतो. खळ्यावर निरोप पाठवायचा राहिलाच होता. तेवढ्यात पुढच्या अंगणात पावलं वाजली. गयाबाई आणि खळ्यावरच्या बाया आल्या होत्या. आमच्याकडे त्या नेहमी मागच्या दारानं यायच्या. त्या दिवशी पुढून आल्या आणि तुळशीच्या अलीकडं आपण होऊन रांगेत बसल्या. गयाबाई म्हणाली, कानावर आलं आमच्या. म्हातारी बांधावर येऊन उभी राहायची, आमाला पानी पाजा म्हनायची, तिचं हाय तर यावंच लागंल. माझ्या नवऱ्यानं दारातून पाहिलं. मग ते घागर उचलून विहिरीकडं गेले.

अक्का गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी एका टोकानं सुरुवात केली. मी दुसऱ्या टोकाला गेले. तिथं गयाबाई होती. सगळ्यांच्या देखत मी गुडघ्यांवर बसले. पत्रावळ भरली, दोन्ही हातांनी कपाळापर्यंत नेली आणि तिच्यापुढं केली. तिनंही दोन्ही हातांनी धरली. तिची बोटं हळदीनं पिवळी, माझीही. पाच वर्षांमागं पदराखाली गेलेले हात हेच, आणि आता त्यांना पत्रावळ सोडवेना. गयाबाई माझ्याकडं पाहत थोडी थांबली.

"सोडा आता बाई," ती हळूच म्हणाली, "भात निवून राहिला."